भुऱ्यानं लांडग्याचं काम केलं

ता. १९ डिसेंबर १९२८, बुधवार

अण्णानं ही डायरी दिली. कुणा व्यापाऱ्यानं त्याला फुकट दिल्ती, वरीसभर कोरी पडल्ती. म्हणला, दिवसभर काय दिवे लावतोस ते रोज लिही, म्हंजे तुजी तुलाच लाज वाटंल. साल संपायला आलंय. जानेवारी आला की मी पयल्या पानावर जाईन, २८ खोडून २९ करीन. फुकटची डायरी वाया घालवायची न्हाय.

अण्णा म्हंजे माजा थोरला भाऊ ईरप्पा. सोलापुरात सात रस्त्याजवळ घोंगड्यांचं दुकान हाय त्याचं. मी सोमलिंग. मराठी सहावीला दोनदा बसलो. दोन्ही खेपेला मास्तरच आदी कंटाळले.

सध्या मी बसवराज मालकाच्या तंबूत बोलायला आसतो. शिनेमा मुका. मदी मदी पाट्या येत्यात, त्या वाचता येणारी माणसं तंबूत चार. मंग मी पडद्याच्या बाजूला उभा ऱ्हाऊन सांगतो. मराठीत, कानडीत, आन् विणकर मंडळी आली की तेलुगूत. पाटी दोन वळीची असली तर मी धा वळी बोलतो. काल हिरोनं हिरविणीला हातात हात घेऊन काय तरी सांगितलं, मी सांगितलं की तिच्या बाच्या दुकानात घोंगडं सव्वा रुपायाला महाग हाय म्हणतोय. तंबू हसून पडला. मालकबी हसला, मंग शिव्या दिल्या.

आताचा खेळ लांडग्याचा हाय. लांडगा कळपातलं कोकरू धरून नेतो, मंग पाळण्यातलं पोर नेतो, मंग हिरो त्याला लोळवतो. कोकराच्या मानंला दात लागले की मी जिभेनं चुरुक चुरुक आवाज काढतो, रगत पिल्यागत. बायका पदर तोंडात घालत्यात. त्या आवाजावर खेळ चाललाय आसं मल्लप्पा म्हणतो. मल्लप्पा मशिनीची मूठ फिरवतो. त्याच्या तपकिरीत मी मिरचीची पूड घातल्यापासनं तो माज्याशी कमीच बोलतो, तरीबी एवढं म्हणला.

ता. २१, शुक्रवार

परवा मी बोलता बोलता सांगून बसलो की हा लांडगा अजून जित्ता हाय, ह्यो माळ मी सोता बगितलाय, गुहेत बसून आलोय. गिरणीतला एक जाबर, म्हंजे मुकादम, आन् त्याचे दोस्त खेळ सुटल्यावर मालकाकडं गेले, म्हणले आमाला दाखवा. मालकाला शिनेमा काढणाऱ्या कंपनीच्या माणसानं खरंच सांगितलं हुतं, टेंभुर्णीच्या पुढं, करमाळ्याच्या अंगाला सिद्धाप्पा धनगराचा वाडा हाय, तितं हे सगळं झालं. मालकानं लगेच मोटार ठरवली. रविवारी जायचं. दाखवणारा मी.

माज्या बानंबी तो माळ बगितलेला न्हाय.

अण्णाला सांगितलं तर तो हसलाच न्हाय. सिद्धाप्पाच्या वाड्यावरची घोंगडी आपल्याच दुकानात येत्यात म्हणं, बाच्या काळापास्नं. तितं जाऊन चाळे करू नको. कानडीत हुच्चा म्हणला, म्हंजे येडा. हे तो रोजच म्हणतो.

ता. २४, सोमवार

काल लई हिंडलो. अंग दुखतंय पण लिहून टाकतो.

पहाटे निघालो. मोटारीत धाजण, जाबर पुढं बसला, त्याला धूळ सोसत न्हाय म्हणून. टेंभुर्णीत च्या घेतला. तितनं करमाळ्याच्या वाटंला लागलो आन् मंग नुस्ता माळ. गवत पिवळं, कुसळं चड्डीतनं आरपार. काळविटांचा कळप दिसला. त्यातला एक काळा नर मोटारीसंगं पळाला आन् वाट आडवी मारून गेला, का ते त्यालाच ठाव. मंग एक पक्षी, शेळीएवढा थोराड, मान वर करून चाललेला, पंचायतीला निघालेल्या पाटलागत. मी म्हणलं ह्यो शिनेमात हिरोचा बाप झाल्ता. दोघांनी खरं मानलं.

शिनेमातला डोंगर म्हंजे माज्या छातीएवढा दगडांचा ढीग निघाला. गुहा म्हंजे साळिंदराचं बीळ. जाबरनं मला इचारलं, तू ह्यात बसला हुतास? मी म्हणलं, तवा मी बारीक हुतो.

वाडा म्हणजे घर न्हवं. मेंढरांच्या भवती पाच बिऱ्हाडं, काठ्यांवर टाकलेली घोंगडी, आन् तीन दगडांच्या चुली. सिद्धाप्पा तितला मोठा, त्याचा शबूद चालतो. म्हातारा हाय, कमी बोलतो. मी ईरप्पाचा भाऊ म्हणल्यावर दूध दिलं. मी इचारलं, पोर पळवलेला लांडगा कुटला? तो म्हणला, एकदा एक लांडगा पाळण्याजवळ आल्ता. कुत्रं भुकलं. गेला.

मी म्हणलं, पुढं?

म्हणला, गेला की.

एवढ्यावर कंपनीनं तीन तासांचा शिनेमा काढला.

आन् शिनेमातला लांडगा चुलीजवळ झोपला हुता. भुऱ्या. राखाडी, लांब पायाचं कुत्रं. सिद्धाप्पाची बायको फुलाबाई, तिनं त्याला बोटानं दूध पाजून वाढवलंय, आई मेल्ती त्याची. भाकरी थापताना तो तिच्या पायावर मुंडी ठेवून ऱ्हातो. तिनं सांगितलं, कंपनी आली तवा गडी सगळे कळप घेऊन भीमेच्या काठाला उतरले हुते, ती, बारकी कोकरं आन् त्यांच्या आया मागं हुत्या. कंपनीनं भुऱ्याला राख आन् काजळी फासली. तो शेपूट वर धरायचा म्हणून शेपटाला दोऱ्यानं दगड बांधला, लांडग्याचं शेपूट खाली आसतं म्हणं. सांगताना ती पदराआड हसत हुती.

जाबर लई रागावला. कुत्रं बगायला आलो का म्हणला. मंग मी भुऱ्यापुढं वाकून गुरगुरलो, भुऱ्यानं माजं नाक चाटलं, सगळी हसली आन् ते मिटलं.

येताना दिवस बुडायला एक लांडगा दिसला. खरा. वाटंपासनं लांब, उंचवट्यावर. मोटारीकडं बगितलं आन् आपल्या चालीनं निघून गेला. जाबर म्हणला, एवढा बारका? कुत्रंच आसंल.

निघताना मी सिद्धाप्पाला सांगून आलो की संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामाच्या गड्ड्याच्या जत्रंला सगळा वाडा घेऊन या, भुऱ्याचा शिनेमा फुकट दाखवतो.

ता. ४ जानेवारी १९२९

पयल्या पानावर आलो. २८ खोडलं.

मालक खूश. जत्रंत भुऱ्याला तंबूच्या दारात बांधायचं, वर पाटी लावायची. पाटी मी रंगवली. लांडगा काढायचा हुता, डुकरागत झाला. मालक म्हणला असू दे, भ्या वाटतंय.

ता. १४, सोमवार

वाडा आला. सिद्धाप्पा, फुलाबाई, सिद्धाप्पाचा चुलतभाऊ गुंडा, म्हातारी मायाक्का, आन् बाकीची. काही जण मेंढरांपाशी मागं राहिले. अण्णानं दुकानामागच्या अंगणात त्यांची सोय केली. घोंगडीबी आणल्यात.

भुऱ्याला दारात बांधला. तोबा गर्दी. पोरं लांबनं खडे मारत हुती, तर फुलाबाई त्याच्यापुढं जाऊन बसली. लोक म्हणायला लागले, लांडग्याजवळ बाई बसलीय बगा. मालक म्हणला रोज बसव तिला.

संध्याकाळच्या खेळाला धनगरांना पुढं बसवलं. मी आज जीव लावून बोललो. भुऱ्या पडद्यावर आला तर मायाक्का म्हणली, ह्यो बग आपला, चालतोय बग. कोकराला तोंडात धरून निघाला तवा मी चुरुक चुरुक केलं, आसं केलं की माज्याच अंगावर काटा आला. तिखट आवाजात म्हणलं, पिला रे पिला, कोवळं रगत पिला.

तंबू वरडला. धनगरांची वळ गप हुती. त्यांना लई आवडलं आसंल आसं मला वाटलं.

ता. १५, मंगळवार

आवडलं न्हवतं.

सकाळी अंगणात गेलो तर कुणी जेवलं न्हवतं. भुऱ्या लांब, लिंबाला बांधलेला. फुलाबाई त्याच्याकडं पाठ करून बसली हुती.

अण्णानं मला दुकानात ओढून सांगितलं. ह्यांच्या वाड्यात ज्या कुत्र्यानं कोकराला दात लावला, ते कुत्रं ठेवत न्हायती. कोकरू मरो का जगो. एकदा चव लागली की तो राखणारा न्हवं. आन् काल सगळ्यांनी डोळ्यानं बगितलं. घरी माळावर गेले की भुऱ्याला मारणार. जत्रंत न्हाय, सिद्धरामाच्या दारात नको म्हणून.

मी म्हणलं, फुलाबाईला ठाव हाय की, तीच हुती तितं.

अण्णा म्हणला, तिनं सांगितलंय. भुऱ्यानं कोकरू आईगत उचललं आन् तिच्या पायाशी आणून ठेवलं. पर तिनं त्याला पाजलंय, तिचं बोलणं कोण धरणार. आन् ऐक. दोन वर्सामागं गुंडाच्या कुत्र्यावर असंच आलं हुतं. एकानं बगितलं हुतं, लांबनं. सिद्धाप्पानंच सांगितलं, मारा. गुंडानं सोताच्या हातानं मारलं. आता सिद्धाप्पाच्या घरातलं कुत्रं हाय. तो कोणत्या तोंडानं सोडणार?

मंग म्हणला, वाड्यात फूट पडली तर पाच बिऱ्हाडं पाच वाटंला जातील. तुज्या चुरुक चुरुकनं.

मी सिद्धाप्पाकडं गेलो. त्याच्यापुढं बसलो आन् तो आवाज काढून दाखवला. म्हणलं, बगा, ह्यो मी. रगत न्हवतं, माजी जीभ हुती.

त्यानं पुन्यांदा काढायला लावला. नीट ऐकला. म्हणला, "तोंड तुजं हाय, पोरा. पर दात त्याचं हुतं."

गुंडा पलीकडं घोंगड्याची घडी घालत हुता. एकच घडी परत परत घालत हुता.

ता. १६, बुधवार

आज दोन कामं केली, दोन्ही फुकट गेली.

पयलं. दिवस उगवायला भुऱ्याला सोडलं आन् गिरणीच्या पल्याड घेऊन गेलो. च्यात बुडवायचं कडक बटर दिलं. म्हणलं, जा लेका, कुटंबी जा, हितं गिरणीत कामाला लाग. त्यानं बटर खाल्लं. मी घरी आलो तर तो माज्या आदी अंगणात, फुलाबाईच्या मागं. तिनं उठून सोताच त्याला परत लिंबाला बांधलं. गाठ मारताना तिचं हात लई हळू चालत हुतं, थंडी हुती.

दुसरं. मल्लप्पाला घेऊन गेलो समजावायला, की शिनेमा म्हंजे नुस्ता उजेड. गुंडा म्हणला, उजेड आसंल. भुऱ्याची चाल मी वळखतो. मंग मल्लप्पानं मलाच सांगितलं की चाल खरीच हाय, त्यात तो काय चूक बोलला?

दुपारी सिद्धाप्पा तंबूत येऊन बसला. अंगणात ऊन लागत आसंल. मल्लप्पा रीळ गुंडाळत हुता, म्हातारा त्याच्या हाताकडं बगत बसला. बराच येळ. त्याला दुसरं काय काम न्हवतं.

मी जवळ गेलो तर म्हणला, "हे चाक उलटं फिरवलं तर काय दिसतंय रं?"

मी म्हणलं, सगळं उलटं दिसतं. माणूस मागं चालतो. गेलेलं परत येतं.

"आसं," म्हणला. मंग उठून गेला.

तो गेल्यावर माज्या डोस्क्यात एकदम लख्ख पडलं. आशी आयडिया सोलापुरात कुणाला सुचली नसंल. मला सुचली.

मल्लप्पा नको म्हणला. उलटं फिरवताना वरचं रीळ हातानं गुंडाळावं लागतं. हात थांबला की फीत दिव्यापुढं जळते, फीत जळली की तंबू, तंबू जळला की मालक. मी म्हणलं, तुज्या तपकिरीला जन्मात हात लावणार न्हाय. तो म्हणला, आन् चपलीला? म्हणलं, चपलीलाबी न्हाय. आन् उशाला? कबूल केलं. लई सोडावं लागलं मला.

ता. १७, गुरुवार

दिवेलागणीला, पयल्या खेळाच्या आदी, धनगरांना बोलावलं. मालकाला सांगितलं मशीन तपासायचीय. धनगरांना सांगितलं की त्या दिवशी एक तुकडा दाखवायचा ऱ्हायला हुता, कोकराचं पुढं काय झालं तो. बिनशरम थाप. सगळी आली. गुंडा मागं उभा ऱ्हायला, मशिनीजवळ.

मल्लप्पानं मूठ फिरवली, मी वरचं रीळ गुंडाळायला. तितनंच मी सुरू केलं, बघा मंडळी, आता काय हुतंय बघा. सिद्धाप्पानं मान न वळवता म्हणलं, "तू गप ऱ्हा. आज नुस्तं बगू दे."

म्हणून गप ऱ्हायलो. आशी सवय न्हाय मला.

झुडपातनं भुऱ्या आला. मागं मागं चालत, शेपूट खाली, तोंडात कोकरू. कळपाजवळ आला. वाकला. तोंड उघडलं आन् कोकरू खाली उभं ऱ्हायलं, टुणटुण उड्या मारत मागं गेलं आन् आईच्या पोटाखाली शिरलं. भुऱ्या मागं मागं सरकत गेला, लांब, दगडांच्या ढिगाआड. माळ मोकळा ऱ्हायला.

मल्लप्पानं दिवा झाकला. काय जळलं न्हवतं.

मायाक्कानं नाक वढलं. मंग गुंडा म्हणला, "चाक उलटं फिरवलंय. हितं उभं ऱ्हाऊन बगितलं मी."

मला वाटलं, संपलं. पकडलं.

सिद्धाप्पा म्हणला, "व्हय, फिरवलंय. सोमवारीबी चाकच फिरवलं हुतं, गुंडा. त्या दिवशीचं तू खरं मानलंस, मीबी मानलं. मंग आजचंबी मानावं लागंल. न्हायतर दोन्हीबी सोडावं लागंल. कसं करायचं, तू सांग. तू सांगशील तसं."

सगळी गुंडाकडं बगत हुती. म्हातारी मायाक्का म्हणली, सोडा दोन्ही. आपण मेंढरं बगणारी माणसं, पडदं कशाला बगायचं. बाकीच्यांनी माना हलवल्या. फुलाबाईनं मान हलवली न्हाय, ती गुंडाकडंच बगत हुती.

गुंडानं खांद्यावरचं कांबळं सारखं केलं आन् म्हणला, "सोडा."

अंगणात जाऊन फुलाबाईनं भुऱ्याची दोरी सोडली. तिची गाठ सुटंना, गुंडानं पुढं हुऊन सुरीनं कापली.

अण्णाला सांगितलं की आख्खा वाडा फसवला मी. सिद्धाप्पासारखा म्हातारापण फसला, चाक फिरवलंय म्हणून माहीत आसूनबी. अण्णानं माज्याकडं बगितलं आन् हुच्चा म्हणला. तेवढंच.

ता. १८, शुक्रवार

वाडा आज गेला. मेंढरांपाशी मागं ऱ्हायलेल्यांना घुगऱ्या बांधून नेल्या. भुऱ्या गाडीखाली, सावलीत चालत गेला. मालक चिडलाय, दाराला आता काय बांधू म्हणतो. म्हणलं मला बांधा.

एक लिहायचं ऱ्हायलं. जायच्या आदी गुंडा एकटा तंबूत आल्ता. मी आन् मल्लप्पाच हुतो. त्यानं इचारलं, ही कंपनी आमच्या माळाला आदी कदी आल्ती का. दोन वर्सामागं.

मल्लप्पा म्हणला, न्हाय. एकदाच आली.

गुंडा म्हणला, त्याचं सावळ्या नाव हुतं. कोणाचं ते सांगितलं न्हाय. मंग म्हणला, कालचं पुन्यांदा दाखवता का. भुऱ्या कोकरू परत देतो तेवढंच.

मल्लप्पा म्हणला, मालक हाय भायेर, आन् फीत एवढा ताण सोसत न्हाय. ते खरंच हुतं.

गुंडानं व्हय म्हणलं. तरी गेला न्हाय. पुढं जाऊन सोमवारच्या जागी बसला, कांबळं गुडघ्यावर घेऊन. पडद्यावर काय न्हवतं, दिवसाचा उजेड कापडातनं येत हुता. मी म्हणलं, खेळ संध्याकाळी हाय. म्हणला, ठाव हाय.

गाडी जुपल्याचा आवाज आला, कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारली. तो बसूनच. मालकानं भायरनं वरडून सांगितलं की तंबू झाडायचाय, त्या माणसाला उठव.

मी केरसुणी घेतली आन् लांबच्या कोपऱ्यापासनं झाडायला लागलो.